राखण

कौनासमध्ये रात्रीचे अडीच.
नेमुनास गोठत आलेली,
हीटरवर माझे ओले मोजे,
पडद्यावर ओम्ब्रेता बाईंचं नववं पत्र.

"वाइदोतास साहेब," त्या लिहितात
(साहेब कसला, तक्रारखिडकीवरचा कारकून मी,
चहा फुकट एवढीच काय ती मिजास),
"माझा नवरा अजून गोळ्या विकतोय."

नवऱ्याला जाऊन चौदा महिने झाले.
किओज्जाच्या धक्क्यावर तो नावा दुरुस्त करायचा,
सान्ते बॉस्कोलो.
त्या गावात बॉस्कोलो पैशाला पासरी,
म्हणून आडनावापुढे टोपणनावही नोंदवतात,
सरकारी कागदावर, शिक्क्यासकट.
ह्याचं फेराल. म्हणजे कंदील.
दुसरा कुणी कंदील व्हायला निघाला असता
तर कोळणींनी हसत हसत
त्याला कालव्यात ढकललं असतं.

डोमेन मात्र भाड्याचं.
वर्षाला अकरा युरो.
मुदत संपल्याची आठवण तीनदा गेली,
त्याच्याच पत्त्यावर.
मेलेला माणूस टपाल उघडत नाही.
मग कुणीतरी, कुठूनतरी, पडलेलं नाव उचललं.
होडीचा फोटो तसाच ठेवला,
हातात रंधा घेतलेलं त्याचं हसूही तसंच,
खाली फक्त नवी चौकट:
कार्डाचा नंबर इथे भरा.

मी नियमावली उघडतो.
आम्ही नाव विकलं; आत काय मांडलंय ते आमच्याकडे नाही.
ज्यांच्या यंत्रावर मांडलंय ते म्हणतात
आम्ही नुसती जागा देतो, विकणाऱ्याला विचारा.
मूळ नोंदवही ज्यांच्याकडे, ते म्हणतात
कोर्टाचा कागद आणा.
कोर्ट विचारतं, कुठल्या देशाचं?
पोलीस विचारतात, बाई, तुमचे किती गेले?

"माझे काहीच नाही," त्या लिहितात.
"पैसे गेले पेलेस्त्रिनाच्या एका म्हाताऱ्याचे.
माझं माणूस गेलं. दुसऱ्यांदा."

सगळे खरंच बोलतात, हीच पंचाईत.
त्या खोट्या दुकानाभोवती
एकही खोटारडा सापडत नाही.

आणि बटणाची भीती मलाही आहे.
मागे एकाने खुन्नस म्हणून तक्रार ठोकली,
पुरावे झकास,
मी डोळे झाकून नाव गोठवलं.
ते निघालं ग्दान्स्कच्या एका सुईणीचं.
रात्रभर बायका तिला शोधत राहिल्या,
आणि तिचं पान पांढरं.
हाती किल्ली आली
म्हणून का कुणी राखणदार होतो?

तरी आज दाबतो.
पुरावा अर्धामुर्धाच. रकान्यात लिहितो: पुरेसा.
फेराल विझतो.

अकरा मिनिटं.
मग तेच पान पुन्हा उगवतं,
नावाच्या मधोमध एक आडवी रेघ घालून,
दुसऱ्या विक्रेत्याकडे, दुसऱ्या खंडात.
होडी तीच. हसू तेच.

आमच्याकडे साचा तयार असतो:
आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.
मी तो पुसतो
आणि बाईंना त्या रेघेबद्दल लिहितो.

पहाटे उत्तर येतं. म्हणजे त्याही जाग्याच.

"त्यांची वही सापडली. गिऱ्हाइकांची, पेन्सिलीने लिहिलेली.
रोज दहाजणांना फोन करते.
सांगते, फेराल वारला,
आता जो बोलतोय तो तो नव्हे.
काही रडतात. काहींना वाटतं मीच ठग.
एकाने चार वर्षांची उधारी कबूल केली,
न मागता.
सध्या एम अक्षरावर आले आहे.

तुमच्याकडे ही वही
कुणापाशी असते?"

पाळी संपते. मोजे एका बाजूनेच वाळलेत.
तक्रार मी उघडीच ठेवतो,
नियमात बसत नाही,
आणि निघताना, उगीचच,
तिच्यापुढे पेन्सिलीसारखं
एक अक्षर लिहून ठेवतो: एम.